जालना सोने का पालना, पण पाळण्यातल्या लेकराचं काय?

जालना सोने का पालना. आमच्या जिल्ह्यात ही म्हण शेंबड्या पोरालाही पाठ. गुरुजी वर्गात सांगतात, पुढारी स्टेजवरून सांगतात, मोंढ्यातला शेटजी पान थुंकता थुंकता सांगतो. सोनं कुणाचं, हे म्हणीत नाही. बियाण्यांच्या कंपन्यांचं, सळया ओढणाऱ्या कारखान्यांचं, मोसंबीच्या बागांचं, साखरेचं. ज्यांच्या घामावर हे सोनं पिकलं त्यांच्या वाट्याला पालनासुद्धा आला नाही. दोन बाभळींना बांधलेली लुगड्याची झोळी आली. मला ह्या झोळीतल्या लेकराबद्दल बोलायचंय. त्याच्या मांडीत जी सुई वेळेवर गेली पाहिजे आणि जात नाही, तिच्याबद्दल बोलायचंय.

आता काही दोस्त नाक मुरडतील. चळवळीच्या अंकात ह्यानं हा सरकारी दवाखाना कशाला उघडला? लशीची जाहिरात करायला सरकार आहे, भिंती आहेत, नट-नट्या आहेत. तू कवी माणूस, बंदरातला हमाल, तू अत्याचारावर लिही. दोस्तहो, अत्याचारावरच लिहितोय. नवरदेवाला घोड्यावरनं खाली ओढलं तर आपण अ‍ॅट्रॉसिटी लावा म्हणून ठाण्यापुढं ठिय्या मारतो. वस्तीतलं सव्वा वर्षाचं लेकरू गोवरानं मेलं तर कुणी ठिय्या मारत नाही. पंचनामा होत नाही. चार माणसं जातात, खड्डा करतात, 'आलं तसं गेलं' म्हणतात, दुसऱ्या दिवशी रोजानं जातात. ह्या मरणालाही मारणारा असतो. ज्यानं आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं तोच. ह्या वेळी त्याच्या हातात काठी दिसत नाही, म्हणून आपण त्याला ओळखत नाही. आणि कधीकधी त्याचं काम सोपं व्हावं म्हणून दाराला आतून कडी आपणच घातलेली असते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. लेकराला लस द्या. सगळ्या द्या, वेळेवर द्या. सरकारवर विश्वास ठेवून नका देऊ. सरकारवर विश्वास नाही म्हणूनच द्या.

कसं ते ऐका. आपली माणसं म्हणतात, सरकारी सुईचा भरवसा नाही. खरंय. भरवसा यावा असं ह्या व्यवस्थेनं काय केलंय? 1975 ते 77 च्या आणीबाणीत गरिबाला पकडून पकडून नसबंदी केली. ती भीती आज्यांनी नातवांना सांगितली, अजून ती वस्तीत जिवंत आहे. 2019 ला शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीचा खाडा होऊ नये, दंड बसू नये म्हणून बाईचं अंगच कापून टाकलं, आणि डॉक्टरांनी त्यावर बंगले बांधले. 31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बारा लेकरांना पोलिओचा डोस म्हणून हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं. लेकरं वाचली. पण त्या दिवशी कुठल्या बंगल्यातलं बाळ त्या रांगेत होतं? नव्हतं. म्हणून सांगतो, ज्या माउलीला सुईची भीती वाटते तिला अडाणी म्हणणाऱ्याच्या मी तोंडावर थुंकतो. तिची भीती हा तिचा इतिहास आहे.

पण माय, आता पुढचा हिशेब कर. दवाखान्यावर भरवसा नाही ना? मग लेकरू तिथं भरती करायची पाळी येऊ देऊ नकोस. डांग्या खोकल्यानं काळंनिळं पडलेलं लेकरू घेऊन रात्री दोन वाजता तू कुठं जाणार? त्याच दवाखान्यात. घटसर्पानं गळा धरलेलं लेकरू घेऊन कुणाच्या पाया पडणार? त्याच डॉक्टरच्या. तिथं खाट नाही, औषध बाहेरून आणा, ऑक्सिजन नाही, संभाजीनगरला हलवा. लस म्हणजे त्या खाटेपासून सुटका. पाच मिनिटांचं काम आहे, ते उरकून ह्या हरामखोर व्यवस्थेच्या तावडीतनं लेकरू सोडवून घे. त्यांना तुझं पोर आजारीच पाहिजे. आजारी पोराच्या बापाकडनं सावकारी व्याज निघतं, मुकादमाची उचल निघते, भगताचं कोंबडं निघतं. लस घेतलेल्या धडधाकट पोराकडनं त्यांना काही निघत नाही.

अजून एक गोष्ट बघ. ज्या साहेबानं आणीबाणीत तुझ्या आज्याला पकडून नेलं, त्यानं स्वतःच्या नातवाचा एक तरी डोस चुकवला? पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतनं बघ. बाई बाळंत होऊन घरी यायच्या आत तिच्याकडं डोसांच्या तारखा लिहिलेली फाईल असते. न दुखणारी सुई पाहिजे म्हणून हजारो रुपये मोजतात. जे विषारी आहे ते ही जात कधी स्वतःच्या पोराला पाजणार नाही. आपल्याला तूप न देणाऱ्यांनी स्वतः कधी तूप सोडलं नाही. लशीचंही तसंच आहे.

मोबाईलवर फिरतं की डोसानं पोरं नामर्द होतात. पोलिओच्या वेळी फिरलं, 2018 च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांत गेली तेव्हाही फिरलं. मला सांगा, पल्स पोलिओ देशात 1995 ला सुरू झाला. दो बूँद पिऊन मोठी झालेली पिढी म्हणजे आपणच. ह्या अंकाचे वाचक, लिहिणारे, छापणारे. माझ्या वयाच्या पोरांच्या घरात पाळणे हलतायत आणि त्याच घरात बसून हे नामर्दपणाचे मेसेज पुढं ढकलतायत! अरे, तुझ्या मांडीवर बसलंय ना, तोच पुरावा. 13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालात हावड्याला सापडलेली एक लहान पोर ही देशातली जंगली पोलिओची शेवटची पेशंट. 2014 च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त झाला. तुमच्या वस्तीत जे लंगडत चालणारे काका आहेत, त्यांच्या वयाखाली तसं कुणी दिसतं का बघा. दुसरी एक अफवा साहेबाच्या देशातनं आली, की गोवराच्या लशीनं पोरं मंद होतात, त्यांना ऑटिझम होतो. 1998 ला लंडनच्या एका डॉक्टरनं ते छापलं. 2010 ला तो लेख खोटा म्हणून मागं घेतला गेला आणि त्याचं डॉक्टरकीचं नावच काढून टाकलं. तिकडं मेलेली अफवा इकडं अजून जिवंत फिरतेय.

आता लशीचा आणि जातीचा इतिहास ऐका. शाळेच्या पुस्तकात हा नव्हता. हिंदुस्थानात देवीची पहिली लस 14 जून 1802 ला आपल्या मुंबईत टोचली, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या पोरीला. तेव्हा लस बाटलीत टिकत नव्हती. एका लेकराच्या दंडावर फोड यायचा, त्यातलं पाणी काढून दुसऱ्याच्या दंडात घालायचे. दंडातनं दंडात अशी लस गावोगाव गेली. ती वाहून नेणारे दंड कुणाचे? बहुतेक गरिबाघरच्या लेकरांचे. आणि सोवळेकरी काय म्हणायचे? खालच्या जातीच्या पोराच्या अंगातलं पाणी आमच्या अंगात नको. इंग्रजी अमलातल्या नोंदींत ही तक्रार पुन्हा पुन्हा आलीय. पाण्याचा विटाळ, लशीचाही विटाळ. पुढं महात्मा म्हणवणाऱ्या गांधींनीही देवीच्या लशीविरुद्ध लिहून ठेवलं. त्यांना ते परवडत होतं. आपल्या वस्तीला परवडत नव्हतं.

आणि आपल्याला काय दिलं? मरीआईचा गाडा. गावात पटकी आली की पोतराजानं स्वतःच्या अंगावर आसूड ओढायचे, आपल्या माणसांनी गाडा डोक्यावर घेऊन शिवेबाहेर नेऊन सोडायचा. म्हणजे रोग गावाचा आणि वाहायचा आपण. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी हे सगळं आपल्या डोक्यावरनं उतरवलं. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. घरातनं देव गेले. पण लेकराच्या अंगावर गोवराचा पुरळ आला की अजून कुणीतरी म्हणतं, बाई आली, आंघोळ घालू नका, दवाखान्यात नेऊ नका, लिंबाचा पाला ठेवा. बाई कुठली? विषाणू आहे तो! भिंतीवर बुद्ध आणि उशाला लिंबाचा पाला, हे चालणार नाही. देवीचा रोग तर जगातनं संपला. 1975 च्या मे महिन्यात आसामातल्या करीमगंजच्या रेल्वे स्टेशनावर एक बेघर बाई सापडली, ती देशातली शेवटची पेशंट. 1980 ला जागतिक आरोग्य संघटनेनं जगच देवीमुक्त जाहीर केलं. हे नवसानं झालं नाही. सुईनं झालं.

1897 साल घ्या. पुण्याचा प्लेग म्हटलं की आम्हाला शाळेत रँडचा खून शिकवला, चापेकर शिकवले. बरं शिकवले. पण त्याच प्लेगात त्याच पुण्यात सावित्रीबाई काय करत होत्या, हे मला आंबेडकर जयंतीच्या भाषणात कळलं. मुलगा यशवंत डॉक्टर, त्यानं हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं फणफणलेलं पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं. पोर जगलं. सावित्रीबाई 10 मार्च 1897 ला प्लेगनं गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन नावाच्या ज्यू शास्त्रज्ञानं प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. परळच्या हाफकिन संस्थेला त्याचंच नाव आहे. 1896 ला हा प्लेग पहिल्यांदा दिसला तो मुंबईच्या मांडवीत, गोदीला लागून. जिथं गोण्या उतरतात, जिथं हमाल झोपतो, तिथं रोग आधी उतरतो. हे आम्हा बंदरवाल्यांना कुणी शिकवायला नको. तेव्हा आपली आई पाठीवर पोर घेऊन धावली. आज आपल्याला धावायचंही नाही, अंगणवाडीपर्यंत चालत जायचंय. तेही होईना?

आणि बाबासाहेब. रमाईच्या पाच लेकरांतली चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न 1926 च्या जुलैत न्यूमोनियानं गेला. बाप बॅरिस्टर, परदेशातल्या पदव्या घेतलेला, तरी लेकरू हातातनं गेलं. तेव्हा न्यूमोनियावर ना लस होती ना पेनिसिलीन. आज लस आहे. तिला पीसीव्ही म्हणतात. खाजगीत एकेका डोसाला हजारांत पैसे पडतात, सरकारी कार्यक्रमात 2021 पासून देशभर फुकट आहे. जयंतीला डीजे लावून नाचणाऱ्या माझ्या भावा, नाच, मीही नाचतो. पण ज्या रोगानं बाबासाहेबांचा राजरत्न नेला त्याची लस तुझ्या पोराला दिली का, एवढं कार्ड उघडून बघ आणि मग नाच.

कार्डावर काय असतं? मॅट्रिक झालेल्या माणसाला समजतं तेवढं सांगतो. जन्मल्या जन्मल्या तीन: क्षयाची बीसीजी, पोलिओचे थेंब, आणि चोवीस तासांच्या आत काविळीची सुई. मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. ह्या तीन वेळा पेंटा. एका सुईत पाच रोग: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ आणि हिब, म्हणजे मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा एक जंतू. सोबत पोलिओ आणि हगवणीचे रोटाचे थेंब. न्यूमोनियाची पीसीव्ही दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. दीड वर्षाच्या आसपास गोवर-रुबेलाची दुसरी आणि बूस्टर. सगळं फुकट. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येतो, अंग सुजतं. शरीर लढाई शिकतंय, तिचा तो ताप. नर्सबाई गोळी किंवा औषध देते, ती सांगते तसं द्यायचं. सुई दिल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं, घाई करायची नाही. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, वण राहतो. त्यावर हळद नाही, बाम नाही, काही नाही. साधी सर्दी-खोकला असला तरी डोस चुकवायचा नाही. आणि चुकलाच तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. जिथं तुटलं तिथून पुढं. गोवर-रुबेला तर पाच वर्षांपर्यंत देता येते. उशीर झाला म्हणून लाजून घरी बसू नका, आणि कुणी ओरडलं तर दुप्पट ओरडा.

गोवरावर मी एवढा का अडलोय? कारण गोवर हा गरिबाच्या खोलीचा रोग. एका पेशंटपासून लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना होतो. आजारी पोर खोलीतनं निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत हवेत राहतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, तिथं कुठं पळणार? पोटात अन्न नसलेल्या लेकराला तो आधी धरतो आणि जाताना डोळे, फुप्फुस, मेंदू, काहीतरी घेऊन जातो. शिवाय आधीच्या रोगांशी लढून शरीरानं जी आठवण साठवलेली असते ती गोवर पुसून टाकतो. मग बरं झालेलं लेकरू पुढं कितीतरी महिने दुसऱ्याच रोगाला बळी पडतं. आपला इतिहास पुसणारे काय कमी होते, त्यात हा अंगाचाही इतिहास पुसतो.

शहरातल्या दोस्तांना वाटेल हे मंठ्या-परतूरचं दुखणं आहे. 2022 चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवा. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराखाली गोवंडीत गोवर सुटला. कोरोनाच्या टाळेबंदीत डोस चुकले होते, दवाखाने दुसऱ्याच कामाला जुंपले होते. मुंबईसारख्या मुंबईत लेकरं मेली. मेलेल्यांतली बहुतेक लस न मिळालेली. भिवंडीत, मालेगावातही तो पसरला. मलबार हिलवर गेला का? रोगाला जात नसते म्हणणाऱ्यांनी गोवंडीत जाऊन बघावं. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या एक ते दोन वर्षांच्या दर चार लेकरांत जवळपास एकाचे डोस अपुरे निघाले. ते चौथं लेकरू जास्त करून कुठल्या खोपटात असतं, हे ह्या अंकाच्या वाचकाला सांगायला नको.

आता माझ्या घरातलं सांगतो, कारण ते हजार घरांतलं आहे. माझी बहीण मंठा तालुक्यात दिलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळी सुटते, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात, ते थेट उन्हाळ्यात परत. तिची धाकटी पोर जूनची. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस गावात झाले, कारण वस्तीतली आशाताई मागं लागली. गोवराची सुई येते मार्चमध्ये. मार्चमध्ये पोर कुठं? कारखान्यामागच्या कोपीत, पाचटावर. आणि हीच पोर जानेवारीत फडावर जन्मली असती तर? जन्माचे डोस गेले, दीड महिन्याचा गेला, अडीचचा गेला, साडेतीनचाही गेला. म्हणजे लेकराच्या रक्षणाचं कॅलेंडर आणि कारखान्याच्या गाळपाचं कॅलेंडर एकमेकांच्या उरावर बसलंय, आणि दरवर्षी जिंकतो कारखाना.

थोरल्या पोराच्या वेळी बहीण कोपीवरनं लेकरू घेऊन तिथल्या एका उपकेंद्रात गेली होती. कार्ड बघून विचारलं, कुठलं हे? जालन्याचं? मग तिकडंच जाऊन घ्या, आमच्या हद्दीतलं नाही. चारशे किलोमीटर! लेकराला हद्द असते का? ऊस तोडताना हद्द नाही विचारत कुणी. मी फोनवर तिला म्हणलं, ताई, भांडायचं होतंस. ती म्हणली, "भाऊ, तुला भांडायला काय जातंय? इथी अर्धा दिस मोडला की मुकादम खाडा लावतो. सुई देली की लेकरू दोन दिस तापतंय. तापलेलं लेकरू घेऊन फडात कशी जाऊ मी? माह्या वाट्याची मोळी तू बांधशील का?"

मी गप्प झालो नाही, पण तिचं बरोबर होतं. सरकारी पोस्टरवर आई हसतेय, लेकरू हसतंय, नर्स हसतेय. खाडा कुठंच नाही. जनजागृती करा म्हणतात. अरे, जागीच आहे ती, पहाटे तीनपासून जागी आहे! तिला जागं करायची गरज नाही, तिला दोन दिवसांची मजुरी द्यायची गरज आहे. 1928 ला मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. एवढी वर्षं झाली, आणि ऊस तोडणाऱ्या बाईला लेकराच्या डोसाच्या दिवशी मजुरी मागायची सोय नाही.

आणि मला कुणी सांगू नका की फडापर्यंत लस थंड ठेवून नेता येत नाही. मी न्हावा-शेव्याच्या बंदराजवळ कंटेनर भरतो. रीफरचा कंटेनर माहितीय? आत द्राक्षं भरायची, वायर लावायची, आणि ती द्राक्षं महिना महिना समुद्रातनं जाऊन युरोपच्या साहेबाच्या टेबलावर थंडगार पोचतात. वाटेत वीज तुटली तर इतकी बोंब होते की सुपरवायझर घामाघूम. आमच्या जालन्यात कडवंचीसारखं गाव द्राक्षांवर उभं आहे. द्राक्षाला थंडावा मिळतो ह्या देशात. लशीला 2 ते 8 डिग्री लागते. नर्सबाईच्या खांद्याला अडकवलेल्या निळ्या डब्यात चार बर्फाच्या पट्ट्या असतात, त्यावर एक दिवस निघतो. जहाज लागत नाही, इंजिन लागत नाही. एक डबा, एक बाई आणि तिला न्यायला एक गाडी. जी व्यवस्था द्राक्षाची काळजी घेते तिला लेकराची घेता येते. ती घेत नाही, कारण लेकरू एक्सपोर्ट होत नाही.

म्हणून लस घेताना मान खाली घालून घ्यायची नाही. डोळे उघडे ठेवून घ्यायची. बाटलीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोन गोलाइतका काळपट झाला असेल तर ती उष्णता लागून बाद झालेली. बघायचं, विचारायचं. सुई आपल्यासमोर नवीन फोडली का बघायचं. एकदा वापरली की दुसऱ्यांदा ओढलीच जात नाही, अशी सुई सरकारी कार्यक्रमात असते. गोवराची बाटली पाणी घालून तयार केली की चार तासांच्या आत संपवायची, पुढं फेकायची. कधी फोडली ते विचारायचं. हा आपला अधिकार आहे. यवतमाळला त्या दिवशी एका तरी बापानं बाटली बघायला मागितली असती तर? दोष त्या बापाचा नाही, ज्यांची नोकरी होती त्यांचाच. पण पुढच्या वेळी बघणारा डोळा आपला असला पाहिजे.

आता पोरांनो, काम. भाषण पुरे.

पहिलं: टोळी सुटायच्या आधी आपापल्या गावातल्या वस्तीत दोन वर्षांखालच्या लेकरांची यादी करा. प्रत्येकाचं कार्ड उघडा, कुठला डोस कुठल्या तारखेला येतो आणि तेव्हा लेकरू कुठं असेल ते वहीत लिहा. मुंबईत बसून करता येतं हे, फोन आहे ना हातात? मेसेज ढकलायला मिळतो तसा ह्यालाही वेळ मिळेल.

दुसरं: कारखान्याच्या गेटवर आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडं एकच मागणी न्या. कोप्यांच्या तळावर दर महिन्याला लसीकरणाचा एक दिवस. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आईला भरमजुरी, खाडा नाही. कार्ड कुठल्याही जिल्ह्याचं असो, लेकरू परत पाठवायचं नाही. पाठवलं तर त्या नकाराचं कारण लेखी मागायचं. लेखी मागितलं की निम्म्यांची हद्द विरघळते.

तिसरं: अंगणवाडी देवळाच्या ओट्यामागं असते आणि नर्सबाई तिथनंच परत जाते, अशी गावं आहेत. तिथं डोसाचा दिवस आपल्या विहारात लावायला सांगा. विहार कशाला बांधलाय, फक्त लग्नाला?

चौथं: आशाताईला शिव्या देणं बंद. 2023 च्या ऑक्टोबरात त्या मोबदल्यासाठी संपावर गेल्या तेव्हा आपण कुठं होतो? त्यांतल्या कितीतरी आपल्याच आया-बहिणी. त्यांच्या मोर्चात आपला झेंडा दिसू द्या, मग त्यांना आपली वस्ती सांगा.

पाचवं, बापांना: लेकरू बायकोनं जन्माला घालायचं, तिनंच डोसाला न्यायचं, रात्रभर तापलेलं तिनंच घ्यायचं, आणि तू चौकात बसून क्रांती करायची? क्रांतीच्या गोष्टी करणाऱ्या, तुझ्या पोराच्या पुढच्या डोसाची तारीख सांग. पाठ नाही? मग आधी ती पाठ कर. खाडा तुझा होऊ दे. लेकरू तुझ्या खांद्यावर येऊ दे.

महाडच्या तळ्यावर आपली माणसं 20 मार्च 1927 ला गेली ती सरकारनं बोलावलं म्हणून नाही. पाणी सगळ्यांचं होतं आणि आपल्यालाच बंद होतं, म्हणून गेली. लस सगळ्यांची आहे. आपल्याच पैशाची आहे, काडेपेटीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत आपण जो टॅक्स भरतो त्यातली आहे. ती कोपीपर्यंत येत नसेल तर कॉलर धरून आणायची. आणि ती दारात आली असताना आपणच दार लावलं, तर तळं समोर असून तहानेनं मेल्यासारखं होईल.

माझ्या भाचीची सुई मार्चमध्ये आहे. मंठ्याच्या कोपीत अशा किती भाच्या असतील, मोजायला कुणी गेलेलं नाही. आपण जाऊ. त्यांनी आपली माणसं मोजली ती मतापुरती. आपण आपली लेकरं मोजू, एकेक, नावानिशी, तारखेनिशी.

जय भीम.